पुसलेली ओळ

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या एप्रिलात मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. आता कॉम्प्युटरवर काहीतरी काम करते आणि त्या दिवसांत ते घरूनच करत होती. मी घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. शाळा बंद होती. मी आणि माझे यजमान घरात कोंडलेले होतो. तिनं आधी आमच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय होती. अजून आहे?"

"आहे. काहून?"

"निधनाच्या बातम्या वाचायच्या आहेत. वाचून लिहून ठेवायच्या."

पोरगी घरात बसून बसून उदास झाली की काय, असं मला वाटलं. पण तिचं नीट ठरलेलं होतं. सरकारचा मृत्यूंचा आकडा रोज यायचा, तो तपासणी होऊन दवाखान्यात दाखल झालेल्यांचा. खेड्यात चार दिवस ताप येऊन, तपासणी न होता, घरच्या खाटेवर जो गेला त्याची मोजदाद कुठे होणार? त्यात लपवाछपवी होती असं तिचं म्हणणं नव्हतं. तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं, एवढंच. म्हणून तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी इंटरनेटवर एक तक्ता उघडला होता. ज्याला जे गाव माहीत, त्यानं त्या गावातले मृत्यू त्यात भरायचे. आमच्या जिल्ह्यासाठी तिला माणसं हवी होती.

आम्ही तिघं झालो. एक मी. दुसरे उमरखेडचे एक काका, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. तिसरा पांढरकवड्याजवळ हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान असलेला एक भाऊ. ट्रकवाले, अॅम्ब्युलन्सवाले, दुधाच्या गाड्यावाले सगळे त्याच्याकडे हवा भरायला थांबायचे, त्यामुळे त्याला पेपरच्या आधी बातमी कळायची. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवरचे आवाज, तेवढीच ओळख.

तक्ता साधा होता. गाव, वय, बाई की पुरुष, कोणता दिवस, आणि कुठे गेले: घरी, वाटेत की दवाखान्यात. नाव त्यात नव्हतं. नावं दुसऱ्या तक्त्यात होती आणि तो आम्हा चौघांनाच दिसायचा. एक ओळ भरायला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री व्हायला हवी, हा नियम काकांनी घालून दिला. "बस स्टँडात शिरलेली मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आली असं कधी लिहिलं नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "लोक सांगतात, मागच्या फाट्यावर दिसली. दिसली असेल. पण आली नाही."

मी सकाळचे पेपर मोबाईलवर वाचायची, मग व्हॉट्सअॅपचे स्टेटस बघायची. त्या महिन्यात निम्म्या लोकांच्या स्टेटसला हार घातलेला फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असायचं. शिक्षकांचे गट, बचत गटांचे गट, लग्न जुळवणारे गट, सगळीकडे तेच. फोटो दिसला की गाव काढायचं, गावातला कोणीतरी ओळखीचा शोधायचा, त्याला फोन करायचा. यजमानांनी मला स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी खुर्ची आणि चार्जरची जागा करून दिली. कुकर लावायचा आणि फोन लावायचा, असं चाललं होतं.

फोनवर दोन तऱ्हांची माणसं भेटायची. एका गावच्या पुढाऱ्यानं मला झापलं, "आमच्या गावात कोणी मेलं नाही. तुम्ही कोण होता विचारणाऱ्या? गावाचं नाव खराब करता काय?" त्याच गावातल्या तीन ओळी माझ्यासमोर उघड्या होत्या. त्याला काय भीती होती ते मला कळत होतं. गाव सील झालं असतं तर मजूर कामाला जाऊ शकले नसते.

पण बहुतेक जण बोलायचे, आणि बोलतच राहायचे. मला विचारायच्या असत दोन गोष्टी, वय आणि दिवस. आणि तिकडून एखादी सून सगळं सांगायची. सासूबाईंना आधी जेवणाची चव गेली, मग खोकला, मग अंगणात खाट टाकून कसं झोपवलं. घरात मयत झाली तरी त्या दिवसांत कोणी कोणाकडे बसायला जात नव्हतं. मी फोन केला की त्यांना कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटत असावं. मग मी घाई करणं सोडून दिलं. तक्ता मागे पडायचा, पण समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही असं मी ठरवलं.

आता माझी चूक सांगते.

पांढरकवड्याच्या बाजूला जंगलाला लागून एक लहान गाव आहे. तिथल्या दोन ओळी लागोपाठच्या दिवशी आमच्याकडे आल्या. दोन्ही पुरुष. एकाचं वय बासष्ट, एकाचं साठ. आडनाव एकच. पहिला घरी गेल्याचं लिहिलेलं, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. नावं मात्र वेगळी. एक कागदावर असतं तसं भारदस्त नाव, दुसरं अगदी छोटं, हाक मारायचं. आमच्याकडे गावोगावी माणसाला दोन नावं असतात, एक शाळेच्या दाखल्यावर आणि एक घरात. मला वाटलं, एकच माणूस दोनदा आला. त्या आठवड्यात असं बरेचदा झालं होतं. तसं वाटलं तर आधी फोन करायचा आणि मगच ओळ काढायची, हाही काकांचाच नियम. मी फोन लावला. ज्याचा नंबर होता तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावायला हवा होता. त्या दुपारी माझंही अंग मोडून आलं होतं, कुकरची शिट्टी होत होती, आणि अजून बऱ्याच ओळी बाकी होत्या. मी दुसरी ओळ पुसून टाकली. एका बोटाचं काम.

तीनेक आठवड्यांनी, दुपारी मी दळण निवडत बसले असताना, एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तक्त्याखाली 'काही चुकलं असल्यास कळवा' म्हणून माझा नंबर दिलेला होता. तिकडे एक बाई होती, तिशीची असावी. आवाज बसलेला होता.

"तुम्ही यादीवाल्या बाई काय? मी आदिलाबादकडून बोलून राह्यली. माहेर मात्र तुमच्या जिल्ह्यातलं." तिनं त्याच गावाचं नाव घेतलं. "आमच्या गावाची एक ओळ हाय तुमच्या यादीत. ते माये बाबा हायेत."

मी "हं" म्हटलं. असे फोन यायचे.

"आमच्या भाच्यानं लिंक पाठवली होती. मी रोज उघडून पाह्यते. मले तिकडं जाता नाई आलं ना जी. रस्ते बंद, अन् मीबी तापात पडली होती. फोटोबी नाई पाह्यला त्याईचा शेवटचा. त्या ओळीत तरी बाबा दिसते." मग म्हणाली, "फक्त तीन गोष्टी चुकल्या त्यात. वय बासष्ट लिवलं, ते साठ हाय. दिवस एक आदीचा लिवला. अन् घरी लिवलं. ते घरी नाई गेले, अॅम्ब्युलन्समंदी गेले, वाटेत. तेवढं बराबर करून द्या."

माझा हात सुपावरच थांबला. मी विचारलं, "बाबांचं नाव काय गं?"

तिनं ते छोटं, हाक मारायचं नाव सांगितलं.

"आणि कागदावरचं?"

"तेच. आजीनं शाळेतबी तेच लिवलं होतं."

मी म्हटलं, "तपासून सांगते. दोन दिवस दे मला." फोन ठेवला आणि नावांचा तक्ता उघडला. जी ओळ ती रोज बघत होती त्यावर ते दुसरं, भारदस्त नाव होतं. तिच्या बापाची ओळ मी पुसली होती.

मी आधी काकांना फोन केला. सगळं ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पुसायच्या आधी दुसरा फोन करायला पाहिजे होता, बाई."

"हो."

"मग आता तो करा. तो दुसरा माणूस कोण होता ते आधी काढा. त्याशिवाय तिला काही सांगू नका."

टायरवाला भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल घेऊन त्या गावात गेला. तिथल्या अंगणवाडीच्या ताईशी त्यानं माझं बोलणं करून दिलं. ताई अंगणवाडीच्या ओट्यावर बसली होती. पोरांचा खाऊ घरोघर वाटून आलेली, आवाजात दम लागलेला.

तिनं सांगितलं ते असं. ते दोघे चुलत भाऊ. मोठ्यानं लग्नच केलं नाही. धाकट्याची बायको मुलगी लहान असतानाच वारली. तेव्हापासून दोघे एकाच घरात राहायचे, एकाच चुलीवर स्वयंपाक. पोरीला दोघांनी वाढवलं. ती एकाला बाबा म्हणायची, दुसऱ्याला मोठेबाबा. चारेक एकर वावर दोघांनी मिळून वाहिलं. पोरीचं लग्न केलं, ती पैनगंगेपलीकडे गेली आणि घरात परत हे दोघेच उरले.

"आधी मोठ्याले ताप आला," ताई म्हणाली. "दवाखान्यात जात नाई म्हणे. तठी नेलं तर माणूस वापस येत नाई, असं डोक्यात भरलं होतं त्याईच्या. आम्ही लय सांगितलं. धाकट्यानं हात जोडले त्याईच्यापुढं. नाईच आयकलं. धाकट्यालेबी ताप होता, तरी तोच करे सगळं त्याचं. मोठे सकाळीच गेले. त्या दिवशी गावातल्या चार जणानं मिळून माती देली. दुसऱ्या दिवशी धाकट्याले धाप लागली. तो मात्र लगेच बोलला, बलावा गाडी म्हणे. गाडी आली, पण दवाखान्यात पोचलाच नाई."

"आणि पोरीला काय सांगितलंत?"

मागे कोंबडी ओरडत होती.

"बाबाचं सांगितलं. मोठेबाबाचं नाई सांगितलं, बाई. पोरगी तिकडं तापात पडली होती, तिच्या नवऱ्यानं सांगितलं, दोन दोन मयती एकदम सांगू नका. पोरगी मले फोन करे, मोठेबाबाचा मोबाईल काहून लागत नाई म्हणे. मी म्हणो, बिघडला. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करून करून तीन हप्ते झाले. आता तर माही हिंमतच होत नाई."

म्हणजे ती रोज उघडून ज्या ओळीकडे बघत होती, बाबा समजून जिच्यासाठी रडत होती, ती मोठेबाबांची होती. आणि मोठेबाबा जिवंत आहेत असं ती धरून चालली होती.

त्या दुपारी आम्ही चौघं फोनवर एकत्र बोललो. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, ओळ मी आत्ता परत आणते. जुन्या नोंदी पुसल्या तरी मागे साठवलेल्या असतात. एका मिनिटाचं काम आहे."

"आणली की तिला आपल्या गावापुढे दोन ओळी दिसतील," मी म्हटलं. "साठ आणि बासष्ट. तिला लगेच कळेल. यादीतून कळेल."

काका म्हणाले, "मग आधी माणसानं सांगितलं पाहिजे. यादीनं नाही. आणि ते घरच्यांचं काम आहे, आपलं नाही."

"घरचं कोणी उरलं नाही, काका," टायरवाला भाऊ म्हणाला. "त्या घराले कुलूप हाय."

शेवटी असं ठरलं की अंगणवाडीच्या ताईनं सांगायचं. लहानपणी दोघी एकाच वर्गात होत्या. ताई तयार झाली, पण एका अटीवर. "तुमीबी फोनवर राहा, बाई. मी रडत बसली तर तुमी बोला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही तिघींनी फोन जोडला. तिच्या नवऱ्याला ताईनं आधी कल्पना दिली होती, तो तिच्याजवळ बसून होता. ताईनं नीट सुरुवात केली, तब्येत कशी आहे, लेकरं कशी आहेत, आणि मग तिला बोलताच येईना. मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. पोरगीच म्हणाली, "मोठेबाबा नाईत ना?"

"नाईत बाई," ताई म्हणाली.

"मले वाटतच होतं. मोबाईल इतके दिवस बिघडत नाई." रडली असेल, पण आवाज नव्हता. मग विचारलं, "कवा गेले?"

"बाबाच्या आदल्या दिवशी. सकाळी."

"म्हणजे बाबाले माहीत होतं."

"हाव. त्याईनंच पाणी पाजलं शेवटचं. मांडीवर डोकं घेऊन बसले होते."

"बाबा रडले?"

"लय रडले."

आता मला बोलायला हवं होतं. माझ्या हातात कागद होता, त्यावर मी काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य मला वाचावंसं वाटेना. मी म्हटलं, "बेटा, तू जी ओळ रोज बघत होतीस, ती मोठेबाबांची आहे. म्हणून त्यात बासष्ट आहे, आदला दिवस आहे, आणि घरी असं आहे. तुझ्या बाबांचीही ओळ होती. ती मी पुसली. मला वाटलं, दोन्ही एकच माणूस आहे. फोन एकदाच लावला, लागला नाही, आणि पुसून टाकली."

"पुसली?"

"हो."

"काहून पुसली? इचारलं काहून नाई कोणाले?"

"विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"माया बाप तुमच्या यादीतबी नोता म्हणजे," ती म्हणाली. "घरी नोता, दवाखान्यात नोता, यादीतबी नोता." आणि तिनं फोन ठेवून दिला.

यजमान आतून बघत होते. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला आणून ठेवला. मी त्या दिवशी तक्ता उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे काम सोडून द्यावं असंच वाटत होतं. मी शिक्षिका आहे. हजेरी घेताना पोरगं दिसलं नाही तर नावापुढे गैरहजर लिहिते, नाव खोडत नाही. इतकं साधं मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. "तुम्ही आजपर्यंत किती ओळी पुसल्या, त्याची यादी मी पुण्याच्या पोरीकडून मागवून घेतली आहे," ते म्हणाले. "निम्म्या तुम्ही बघा, निम्म्या मी बघतो. प्रत्येकीला परत फोन लावायचा. माझ्याही पुसलेल्या आहेत, त्या भाऊ बघेल."

ते काम आम्हाला आठवडाभर पुरलं. बहुतेक ओळी खरोखरच दुबार निघाल्या. पण घाटंजीजवळच्या एका गावची एक म्हातारी होती, जिला मी तिच्याच नावाची तिची जाऊ समजले होते. ती परत आली. काकांनी पुसलेल्यांतलीही एक परत आली, आणि ते सांगताना काकांचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "पस्तीस वर्षं नोंदी ठेवल्या," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात एका सकाळी आदिलाबादहून तिचा फोन आला. मी उचलायला जरा घाबरलेच.

"बाई, मी त्या दिवशी तडक बोलली तुमाले."

"बरोबर बोललीस."

"नाई, आयका. दोन दिवस लय राग होता मले. मग इचार केला. मोठेबाबाले मांगं पुढं कोणी नाई. मी बाबासाठी रडो, अन् ते रडणं त्याईले भेटलं. मले मोठेबाबा गेले असं सांगितलं असतं, तर मी बाबाच्या दुःखात त्याईच्यासाठी इतकी रडलीच नसती. वाटून गेलं असतं. आता बाबाची ओळ लिवून टाका. मी सांगते तसं."

मी वही घेतली, तक्ता उघडला. ती सांगत गेली आणि मी भरत गेले. गाव. साठ. पुरुष. दिवस. वाटेत.

"वाटेत म्हणजे कुठी, बाई? कोणाले माहीत असन?"

ते मला माहीत नव्हतं. टायरवाल्या भावाला सांगितलं. त्याला चार दिवस लागले, पण त्यानं तो अॅम्ब्युलन्सवाला शोधून काढला. कधीतरी हवा भरायला त्याच्याकडेच थांबणारा निघाला. दिवसाला इतक्या खेपा करत होता की आधी त्याला आठवेना. मग गावाचं नाव सांगितल्यावर म्हणाला, हो, तो बुवा. उताणा झोपायला तयार नव्हता, टेकून बसला होता. जंगलाच्या पट्ट्यातून गाडी जात असताना त्यानं काच खाली करायला सांगितली. म्हणाला, मोहाची फुलं पडून राह्यली, वास येते. अॅम्ब्युलन्सवाल्यानं काच उघडली. पुढच्या चढावर आरशात बघितलं तर मान कललेली होती.

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिच्याबद्दल बापानं काही म्हटलं का, असं तिनं विचारलं. मला वाटलं, म्हटलं म्हणून सांगावं. कोण विचारायला जाणार होतं? पण इतकं सगळं झाल्यावर माझ्यानं ते होईना. मी म्हटलं, "नाही गं. मोहाचंच बोलले."

तिकडून हसल्यासारखा आवाज आला. "मग तो बाबाच होता. मोहाच्या दिवसात त्याईले दुसरं काई सुचे नाई. पहाटेच टोपली घेऊन जात, मले पाठीवर बसवून. मोठेबाबा मांगून चटई घेऊन येत."

'कुठे' या रकान्यात ते लिहावं असं माझ्या मनात आलं. काकांना विचारलं. ते नाही म्हणाले. "एकाच्या पुढे लिहिलं तर सगळ्यांच्या पुढे लिहावं लागेल, बाई. आणि सगळ्यांचं आपल्याला माहीत नाही." ते बरोबरच होतं. ओळीत 'वाटेत' एवढंच राहिलं. पण दोन दिवसांनी मला कळलं, काकांनी स्वतः तिला फोन केला होता आणि अर्धा तास बोलले होते. काय बोलले ते दोघांपैकी कोणीच मला सांगितलं नाही.

पावसाळा लागला, लाट ओसरली. तक्ता हळूहळू थंड पडला. आधी दिवसाला एखादी ओळ, मग आठवड्याला एखादी, आणि मग नवीन काहीच नाही. विद्यार्थिनीनं तो बंद करून ठेवला. आता कोणालाही वाचता येतो, बदलता येत नाही. तिच्या मैत्रिणींनी त्यावरून काही अभ्यास केला, कुठेकुठे पाठवला. त्यातलं मला फार कळत नाही. शाळा उघडली आणि मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले.

दसऱ्यानंतर आदिलाबादच्या त्या पोरीनं दोघा बाबांसाठी एकत्र पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. गावातल्या लहानशा बुद्धविहारात. मला फोन करून म्हणाली, "यादीवाले सगळे आले पाह्यजे." पुण्याची माझी विद्यार्थिनी येऊ शकली नाही. आम्ही तिघं गेलो. काकांना मी स्टँडवर ओळखलंच नाही. फोनवरच्या आवाजावरून मला उंच, करड्या मिशांचा माणूस वाटला होता. बसमधून उतरले ते माझ्या खांद्याएवढे, पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. "शिक्षिका लांबून कळते," म्हणाले. टायरवाला भाऊ आम्हाला त्याच्या मित्राच्या गाडीतून गावात घेऊन गेला.

दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. मी तोपर्यंत त्यांची फक्त वयं पाहिली होती. दोघांच्या कपाळाची ठेवण एकच. मोठे जरा हसरे. समोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आणि मग गावातले लोक एकेक करून बोलायला उठले. कोणी सांगितलं, दोघे भांडले की आठ आठ दिवस बोलायचे नाहीत, पण जेवायला एकाच ताटावर बसायचे. कोणी सांगितलं, पोरीच्या लग्नात मोठेबाबाच जास्त रडले. अंगणवाडीची ताई उठली आणि एक शब्द न बोलता बसली. मला बोलायला सांगितलं. मी माफी मागावी असं घरून ठरवून आले होते. पण पोरीनं मागूनच माझा हात धरून मला खाली बसवलं.

जेवणं झाल्यावर तिनं आम्हाला घराकडे नेलं. तिनं कुलूप तीन दिवस आधीच काढलं होतं, सारवून घेतलं होतं. आत दोन खाटा, एक चूल, खुंटीला दोन शर्ट. वावर बटईनं कसायला दिलं होतं, शेळ्या ताईकडे होत्या. घर विकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. नवरा म्हणत होता, पत्रे तरी काढून न्यावे, गंजून जातील. त्यालाही ती नाही म्हणाली. "उन्हाळ्यात लेकराईले घेऊन येईन," तिनं मला सांगितलं. "त्याईले अजून मोह वेचता येत नाई."

काकांची शेवटची बस पाचला होती. ते सारखे घड्याळ बघत होते आणि तरी उठत नव्हते. तिनं चहा ठेवला. चुलीला फुंकर घालता घालता ती काकांना विचारू लागली की आदिलाबादहून इकडे येणारी सकाळची गाडी अजून सुरू झाली नाही, ती कधी होईल. काकांनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि तिला गाड्यांच्या वेळा सांगायला सुरुवात केली. कोणती गाडी कुठे बदलायची, कोणती थेट, कोणती रविवारी नसते. ती चुलीपुढे बसून एकेक वेळ मोठ्यानं म्हणत होती, पाठ करत होती. चहा उतू जाईपर्यंत.